नॉर्वेची थोर ध्वनिमुद्रिका कोणती?

नॉर्वेतील सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रिका कोणती, हा वाद निघाला कीं खपाचे आंकडे पुढें करणारा एक पक्ष हटकून उभा राहतो. ‘आ-हा’ या त्रयीची ‘हंटिंग हाय अँड लो’ (1985) जगभर गाजली. तेव्हां निकाल लागलाच, असें या पक्षास वाटतें! यात्रेची गर्दी मोजून देवाची थोरवी ठरवावी, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरा पक्ष जाणत्यांचा. 2011 सालीं तेथील ‘मॉर्गेनब्लादे’ पत्रानें गायक-वादकांचीं मतें घेतलीं, तेव्हां राड्का टोनेफ व पियानोवादक स्टीव्ह डोब्रोगोश यांच्या ‘फेअरीटेल्स’ला (1982) पहिला मान मिळाला. एक कंठ, एक पियानो; त्या संयमापुढें आम्हीही नतमस्तक आहों. परंतु थोरवी सौंदर्यापाशींच संपते काय?

आमचें मत मारी बोइने यांच्या ‘गुला गुला’स (1989). उत्तरेकडील सामी लोकांची भाषा नॉर्वेच्या शाळांनीं पिढ्यानपिढ्या दडपली. त्यांचें ‘योइक’ गायन कर्मठ ख्रिस्ती घरांत पाप ठरलें. अशाच घरांत वाढलेल्या या बाईंनीं त्याच भाषेंत ‘ऐका, ऐका’ म्हणून साद घातली. स्वामित्वाच्या तोऱ्याचा उपहास करणारें गीत मात्र त्यांनीं नॉर्वेजियन भाषेंत गाइलें. ज्याला टोला हाणावयाचा, त्याला तो कळावयास नको काय?

हें राजकारण झालें, संगीत नव्हे, असा आक्षेप येईल. आपल्या भाषेंत गाण्याची लाज ज्यांना कोणी शिकविली नाहीं, त्यांनाच तो सुचतो. कानांस सुख देणाऱ्या ध्वनिमुद्रिका पुष्कळ. मुक्या केलेल्या समाजास वाचा देणारी एखादीच. थोर म्हणावयाचें तें आम्ही तिलाच म्हणूं.