फोटो ‘क्लाउड’वर आहेत, म्हणजे नेमके कुठे?

फोन हरवला, नवा घेतला, जुन्या ईमेलने लॉगिन केले आणि सगळे फोटो परत! ते आले कुठून, असे विचारले की ‘क्लाउडवरून’ एवढेच उत्तर मिळते. नाव ढगाचे असले तरी हा कारभार जमिनीवरचाच आहे. डेटा सेंटर म्हणवल्या जाणाऱ्या इमारतींत हजारो सर्व्हर रात्रंदिवस चालतात. त्यांना अखंड वीज लागते आणि थंडावाही. नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात अशा इमारती आहेत. परदेशातून समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, हे त्याचे एक कारण.

कंपन्यांना क्लाउड का परवडतो? घरात लग्न आहे म्हणून कोणी मंगल कार्यालय बांधत नाही, भाड्याने घेतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते. तेवढ्या गर्दीसाठी लागणारे सर्व्हर वर्षभर सांभाळणे हा शुद्ध तोटा. क्लाउडवर ते गरजेपुरते वाढवता येतात. एकाच ताकदवान सर्व्हरचे सॉफ्टवेअरने भाग पाडून ते अनेक ग्राहकांना देता येतात, म्हणून हे जमते.

आपणही तिथे भाडेकरूच आहोत, हे मात्र आपण विसरतो. गूगलच्या फुकट १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह, फोटो असे सगळे आले. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. रोजच्या ‘शुभ सकाळ’चे ओझे तिथेही जातेच! फोटोंसाठीची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली.

डेटा सेंटर जळूही शकते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि दुसरी प्रत न ठेवलेल्या अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. पण खरा धोका आपल्याच बोटाचा. ‘क्लाउडवर आहेच’ म्हणून गूगल फोटोज ॲपमधून फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. तशी सूचना येते, पण घाईत वाचतो कोण? फोनमधली जागा मोकळी करण्यासाठी ॲपमध्ये वेगळा पर्याय आहे, तो वापरावा. चुकून उडवलेला, बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल आतल्या फोटोंसह काढून टाकू शकते. बारशाचे, लग्नाचे फोटो एखाद्या जुन्या खात्यात पडून असतील, तर आजच लॉगिन करा आणि एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.