पाठीवरची वीज

यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या शेतांतून हाताने दांडा मारून चालविण्याचा फवारणी पंप मागे पडत चालला असून त्याची जागा बॅटरीच्या पंपाने घेतली आहे. २०२४ मध्ये राज्य शासनानेही कापूस-सोयाबीनच्या विशेष कृती योजनेतून असे पंप पूर्ण अनुदानावर देऊ केले. या पंपांतील शिशाच्या बॅटरीऐवजी आता लिथियमची बॅटरी येऊ लागली आहे. हा बदल स्वागतार्हच म्हटला पाहिजे. सोळा लिटर द्रावण दिवसभर वागविणाऱ्या मजुराच्या पाठीवरील किलो-दीड किलोचा भार कमी होणे, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. शिवाय हंगाम संपल्यावर रिकामीच पडून राहिलेली शिशाची बॅटरी पुढील खरिपापर्यंत निकामी होते. लिथियमची बॅटरी निम्मी भरून ठेवल्यास टिकते.

परंतु बॅटरी नवी आणि चार्जर मात्र जुनाच, असे झाले तर हा लाभ अंगलट येऊ शकतो. शिशाच्या बॅटरीचा चार्जर साधारणतः १४.४ व्होल्टपर्यंत जातो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार घटांची बॅटरी १४.६ व्होल्टपर्यंत भरत असल्याने तिचे एक वेळ निभावते. मात्र ‘१२ व्होल्ट’ याच नावाने विकल्या जाणाऱ्या तीन घटांच्या दुसऱ्या जातीची मर्यादा १२.६ व्होल्टच असते. तिला जुना चार्जर जोडला की सारी भिस्त आतील संरक्षक सर्किटवर राहते. ते नसेल वा सुमार असेल, तर घट तापतात, फुगतात, प्रसंगी पेटही घेतात. आणि चार्जिंग तर बहुधा रात्री, घरातील माणसे झोपेत असताना चालते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. शिशाची बॅटरी उतरू लागली की फवारा मंदावतो आणि माणूस थांबतो. लिथियमची बॅटरी जवळजवळ अखेरपर्यंत सारखाच जोर देते. साहजिकच फवारणीचे तास वाढू शकतात आणि त्याबरोबर विषाचा संपर्कही. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किमान वीस शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले. कीटकनाशकांची मिश्रणे, उंच वाढलेली कपाशी व संरक्षक साधनांचा अभाव यांच्या जोडीला बॅटरीच्या पंपांच्या जोरदार, बारीक फवाऱ्याकडेही तेव्हा बोट दाखविले गेले होते. अवजार आधी पोहोचले आणि त्याचे ज्ञान मागाहून, हाच त्या दुर्घटनेचा एक धडा होता.

तेव्हा बॅटरीची जात व तिची व्होल्टची मर्यादा मराठीत ठळकपणे छापणे आणि तिच्या जोडीचा चार्जर देणे विक्रेत्यांवर बंधनकारक झाले पाहिजे. अनुदानाच्या पंपाबरोबर हातमोजे, मुखपट्टी व तासाभराचे प्रात्यक्षिकही हवे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थी गावोगावी जाऊन जुने चार्जर तपासून देऊ शकतील. त्यासाठी एक साधा व्होल्टमापक पुरेसा आहे. पाठीवरचा भार हलका करताना घरावरचा धोका वाढणार असेल, तर त्या सुधारणेला अर्थ उरत नाही.