वार्धक्याचा लिलाव नको!

म्हाताऱ्या माणसांचा सांभाळ हा घराच्या उंबरठ्याच्या आतला प्रश्न आहे, असे आपण आजवर मानीत आलो. तो उंबरठा ओलांडून नगरपालिकेच्या सभागृहात येऊन बसला म्हणजे काय होते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने ब्रिटनकडे पाहावे. तेथील कौंटी कौन्सिले आणि शहर कौन्सिले गेली कित्येक वर्षे एकाच विषयाचा खल करीत आहेत. आपण स्वतः चालवीत असलेली वृद्धनिवासे, दिवसभर म्हाताऱ्यांना सोबत देणारी केंद्रे आणि घरोघर जाऊन त्यांचे न्हाणे-खाणे पाहणाऱ्या सेविकांची पथके चालू ठेवावयाची, खाजगी चालकांच्या हवाली करावयाची, की सरळ कुलूप लावून मोकळे व्हावयाचे, हा तो विषय. सात समुद्रांपलीकडच्या या वादाला आम्ही पहिल्या पानावर जागा का देतो, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे की, तेथे जे मोडीत काढले जात आहे ते आम्ही अजून उभारलेलेही नाही; आणि जे काही उभारावयाचे ते ठेकेदाराच्या हाती देण्याची आमची सवय मात्र पक्की झालेली आहे.

ब्रिटनमधील ही व्यवस्था आकाशातून पडलेली नाही. १८३४ च्या दरिद्री-कायद्याने तेथील निराधार म्हाताऱ्यांच्या नशिबी 'वर्कहाउस' आले. मदत इतकी अपमानास्पद असावी की, अगदी गळ्याशी आल्यावाचून ती मागण्यास कोणी धजू नये, हेच त्या कायद्याचे तत्त्व होते. वर्कहाउसच्या दारात नवराबायकोची ताटातूट होई, अंगावर तेथला गणवेश चढे आणि माणसाचे नाव दरिद्र्यांच्या वहीत लिहिले जाई. हा कलंक पुसून टाकण्यासाठी १९४८ साली राष्ट्रीय साहाय्य कायदा झाला. वय, दुखणे वा अन्य कारणांमुळे ज्यांना काळजी व आधार हवा, त्यांना निवारा देणे हे त्याने स्थानिक कौन्सिलांचे कर्तव्य ठरविले. म्हातारा हा यापुढे आश्रित नव्हे, पाहुणा आहे, अशी त्यामागील भावना होती. दुसऱ्या महायुद्धाने कंगाल झालेल्या राष्ट्राने हे केले, ही गोष्ट 'पैसा कोठून आणावयाचा' असे विचारणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

तथापि कौन्सिलांच्या हाती कारभार गेला म्हणजे रामराज्य आले, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ निवासांना भेटी देऊन 'द लास्ट रिफ्यूज' हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध केला. कायदा होऊन दशक उलटले तरी असंख्य वृद्ध जुन्या वर्कहाउसच्याच इमारतींत, लांबच लांब दालनांत, खाटेला खाट लावून दिवस कंठीत होते, हे त्यांनी जगापुढे मांडले. सरकारी मालकी ही माणुसकीची हमी नव्हे, हा धडा त्या ग्रंथाने दिला. परंतु त्यात दुसराही एक धडा होता. ती निवासे सार्वजनिक होती म्हणूनच त्यांचा जाब सार्वजनिकरीत्या विचारता आला. नगरसेवकाला मत मागावयास दारोदार जावे लागते. भागधारकाला लागत नाही.

पुढे वारे फिरले. १९८० नंतर खाजगी निवासांतील खर्च सामाजिक सुरक्षेच्या निधीतून भागविला जाऊ लागला आणि खाजगी निवासांचे पीक आले. १९९० च्या कायद्याने, आणि एप्रिल १९९३ पासून झालेल्या त्याच्या अंमलबजावणीने, कौन्सिलांची भूमिकाच पालटली. सेवा करणारे हात हे त्यांचे रूप जाऊन सेवा विकत घेणारे गिऱ्हाईक हे रूप आले. एके काळी घरोघर जाणारी जवळजवळ प्रत्येक सेविका कौन्सिलची नोकर असे. आज त्यांतील बहुसंख्य खाजगी संस्थांच्या चाकरीत आहेत. कामाचे मोल घड्याळाच्या काट्यावर मोजले जाऊ लागले. पंधरा मिनिटांच्या भेटीत म्हाताऱ्याला उठवावयाचे, धुवावयाचे, औषध द्यावयाचे, घास भरवावयाचा, आणि त्याने 'बाई, जरा बसा' म्हटले तर ते ऐकू न आल्यासारखे करून पुढच्या घराचा रस्ता धरावयाचा! याला काटकसर म्हणतात.

या काटकसरीचे खरे रूप २०११ साली उघडे पडले. 'सदर्न क्रॉस' ही त्या देशातील वृद्धनिवासांची सर्वांत मोठी कंपनी. सुमारे ७५० निवासे आणि ३१ हजार रहिवासी तिच्या छत्राखाली होते. इमारती दुसऱ्याच्या मालकीच्या आणि त्यांवर दरसाल चढत जाणारे भाडे, हा तिचा व्यवहार. रहिवासी घटले, भाडे थकले आणि कंपनी कोसळली. त्या दिवशी ३१ हजार वृद्धांची चिंता कोणाला करावी लागली? ज्यांनी नफा घेतला होता त्यांना नव्हे. ती सार्वजनिक यंत्रणेलाच करावी लागली. इतकेच नव्हे, तर खाजगी चालकाचे दिवाळे वाजल्यास त्याच्याकडील वृद्धांची काळजी तात्पुरती स्थानिक कौन्सिलाने वाहिली पाहिजे, असे कर्तव्यच २०१४ च्या 'केअर ॲक्ट'ने इंग्लंडमध्ये घालून दिले. नफा खाजगी आणि जोखीम सार्वजनिक, अशी ही वाटणी आहे. मग प्रश्न असा की, ज्या कौन्सिलाने आपली निवासे विकली, सेविका कमी केल्या आणि अनुभवी माणसे घरी बसविली, ते कौन्सिल संकटाच्या रात्री त्या वृद्धांना कोठे नेणार? कायद्यातील कर्तव्याला खाटा नसतात. त्या कोणीतरी आधी राखून ठेवाव्या लागतात.

कौन्सिले दुष्ट आहेत म्हणून हे करतात, असेही समजण्याचे कारण नाही. २०१० नंतर लंडनच्या सरकारने त्यांच्या अनुदानाला कात्री लावली, आणि म्हाताऱ्यांची संख्या तर वाढतच गेली. इंग्लंडमध्ये ज्याची शिल्लक २३ हजार २५० पौंडांहून अधिक आहे, त्याला निवासाचा सारा खर्च पदरचा करावा लागतो. ही मर्यादा २०१० पासून तेथेच थांबली आहे. या खर्चाला कमाल मर्यादा घालण्याचे वचन एकामागून एक सरकारांनी दिले. प्रथम ती २०१६ पासून ७२ हजार पौंड होणार होती; ते पुढे ढकलले गेले. मग ऑक्टोबर २०२३ पासून ८६ हजार पौंड होणार होती. तेही पुढे ढकलले गेले, आणि जुलै २०२४ मध्ये ती योजनाच गुंडाळण्यात आली. २०२५ च्या आरंभी आणखी एक आयोग जाहीर झाला. त्याचा अंतिम अहवाल २०२८ पर्यंत यावयाचा आहे. म्हातारपण मात्र अहवालाची वाट पाहत थांबत नाही! शेजारच्या स्कॉटलंडने २००२ पासून ६५ वर्षांवरील गरजूंना वैयक्तिक शुश्रूषा विनामूल्य दिली. म्हणजे इच्छा असली तर मार्ग निघतो.

निवासे बंद करू पाहणाऱ्यांचे युक्तिवाद आम्ही ऐकले आहेत. इमारती जुन्या झाल्या आहेत, खाजगी निवासापेक्षा कौन्सिलच्या निवासात दर खाटेमागे खर्च अधिक येतो, आणि म्हाताऱ्यांना स्वतःच्या घरीच राहावयास आवडते, असे ते तीन युक्तिवाद होत. पैकी तिसरा अगदी खरा आहे. पण मग निवास बंद करून वाचलेला प्रत्येक पैसा घरच्या सेवेवर खर्च झालेला दिसला पाहिजे. तो तूट भरून काढण्यात गेला, तर घराचे नाव घेणे हा ढोंगीपणा ठरतो. दुसऱ्या युक्तिवादात अर्धे सत्य आहे. खर्च अधिक येतो, कारण तेथे सेविकेला बरे वेतन, रजा व निवृत्तिवेतन मिळते. तिचे वेतन कापून केलेली बचत शेवटी म्हाताऱ्याच्या अंथरुणातूनच वसूल होते. पहिल्या युक्तिवादाला तर एका वाक्यात उत्तर देता येईल: इमारत जुनी झाली तर ती दुरुस्त करतात; आतील माणसे जुनी झाली म्हणून त्यांना हलवीत नाहीत. ऐंशी-नव्वदीच्या माणसाला त्याच्या खोलीतून, त्याच्या खिडकीपासून आणि ओळखीच्या चेहऱ्यांपासून तोडणे हे सामानाचे स्थलांतर नव्हे. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर म्हातारीचेही दुःख आहे आणि काळही सोकावतो आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे कुटुंबसंस्था आहे, आपणांस या परदेशी खटाटोपाची गरज काय, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हे कुटुंब आज कोठे आहे? चाळीतील दोन खोल्यांत आजी-आजोबा राहिले, मुलगा विरारला किंवा बदलापूरला गेला आणि नातू परदेशी. तिसऱ्या मजल्यावरून उतरता येत नाही म्हणून महिनोन् महिने रस्ता न पाहिलेले वृद्ध या मुंबईत थोडे नाहीत. जेथे कुटुंब एकत्र आहे, तेथे 'कुटुंब' म्हणजे बहुधा एक सून किंवा एक मुलगी असते. नोकरी, स्वयंपाक आणि अंथरुणाला खिळलेले माणूस ही तिन्ही कामे ती एकटी उपसते, आणि तिच्या त्या श्रमांना आपण संस्कृती असे गोंडस नाव देतो. ज्याच्या हाती पैसा आहे तो ब्युरोतून बारा तासांची बाई आणतो. ज्याच्या हाती नाही त्याने काय करावे?

राज्याने आजवर काय केले तेही पाहू. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य देण्याचा निर्देश दिला. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी मुलांवर टाकली. तेथवर भाषा खणखणीत आहे. परंतु त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात, प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम काढण्याची गोष्ट आली, तेव्हा सरकार तो 'काढू शकेल' इतकेच म्हटले. मुलाने केलेच पाहिजे. सरकारने वाटल्यास करावे! डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निर्णय देताना प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून मिळवा, असे सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सांगावे लागले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढील लोकांची संख्या १ कोटी १० लाखांच्या घरात होती. आज ती कितीतरी पुढे गेली असणार. आणि त्यांतील निराधारांना श्रावणबाळाच्या नावाने महिना १५०० रुपये दिले जातात. कावड खांद्यावर वाहणाऱ्या त्या बाळाला हे पाहून काय वाटले असते?

या साऱ्यात महापालिका कोठेच नाही. रस्ते, पाणी, गटारे ही तिची अनिवार्य कर्तव्ये. वृद्धांची सेवा त्या अनिवार्यांत नाही. हे आमचे काम नव्हे, असे ती म्हणू शकते. पण याच शहराचा इतिहास तिला तसे म्हणू देणार नाही. १९२६ साली परळला के.ई.एम. रुग्णालय उभे राहिले, तेव्हा खाजगी डॉक्टर पुष्कळ आहेत, गरिबांनी त्यांच्याकडे जावे, असे मुंबईच्या नगरपालिकेने म्हटले नाही. तिने स्वतःचे रुग्णालय चालविले, स्वतःच्या डॉक्टरांची आणि परिचारिकांची परंपरा घडविली, आणि आज शंभर वर्षांनीही देशभरातील रोगी त्या दाराशी येतो. जी महापालिका हृदयाची शस्त्रक्रिया करू शकते, तिला म्हाताऱ्याच्या हाताला धरून उठविता येणार नाही काय?

मार्च २०२२ पासून मुंबईवर प्रशासकाचे राज्य होते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि लोकांचे प्रतिनिधी सभागृहात परतले. त्यांच्याकडे आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक प्रभागात वृद्धांसाठी दिवसाचे केंद्र असावे. कॅरमचा एक बोर्ड आणि चार बाके यांवर भागविलेले विरंगुळा केंद्र नव्हे, तर दुपारचे गरम जेवण, डॉक्टर आणि व्यायामाची सोय असलेले. महापालिकेच्या दवाखान्यांतून घरोघर जाणाऱ्या सेविका नेमाव्यात, आणि त्या महापालिकेच्या वेतनावर असाव्यात. निराधारांसाठी स्वतःची निवासे काढावीत, आणि या सर्वांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष ठेवावे. धर्मादाय संस्थांचे साहाय्य अवश्य घ्यावे. पण सारे काही ठेक्याने देऊन आपण फक्त बिले मंजूर करीत बसू नये. ज्याने स्वतः कधी एक निवास चालविले नाही, त्याला दुसऱ्याच्या निवासात काय चुकते आहे हे कळणारही नाही, आणि ठेकेदार पळाला तर त्याची जागाही घेता येणार नाही. ब्रिटनने चाळीस वर्षांत मोठी किंमत मोजून शिकलेला धडा हाच आहे, आणि तो आपणांस फुकट मिळतो आहे.

या शहराचे गिरणीचे भोंगे, गोदीतील बोजे आणि कचेऱ्यांतील वह्या ज्यांनी आयुष्यभर वाहिल्या, ते आज खिडकीशी बसून आहेत. त्यांनी कर भरला, घाम गाळला आणि मुंबई उभी केली. त्यांच्या अखेरच्या दिवसांचा भाव सर्वांत कमी दराच्या निविदेने ठरावयाचा असेल, तर ते शहर श्रीमंत असेल, पण कृतज्ञ असणार नाही. सभागृहात बसलेल्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की, आज ते ज्या वृद्धांविषयी ठराव करणार आहेत, ते वृद्ध उद्याचे ते स्वतःच आहेत.