वर्ष-दीड वर्षापुरती गाडी हवीय? मग किंमत नाही, ‘फरक’ बघा

अपघात झाला. गॅरेजने दुरुस्तीचा अंदाज दिला आणि तो आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात ठरलेल्या किमतीच्या, 75 टक्क्यांच्या वर गेला. विमा कंपनीने गाडी ‘टोटल लॉस’ ठरवली, पैसे दिले. पण मनातली नवी गाडी अजून वेटिंगवर आहे. किंवा ईव्ही घ्यायची ठरलीय आणि सोसायटीत चार्जिंगच्या परवानगीचं घोडं अडलंय. तोपर्यंत ऑफिस, शाळा, आईची डायलिसिसची पाळी, यातलं काहीच थांबत नाही. मग घरात विषय निघतो: सध्यापुरती एखादी गाडी घेऊया का?

इथे बरेच जण ‘स्वस्तात स्वस्त’ शोधतात, नाहीतर ‘नवीच घेऊ, कटकट नको’ म्हणतात. दोन्ही महागात पडू शकतं. कारण सध्यापुरत्या गाडीचा खरा खर्च म्हणजे घेतानाची आणि विकतानाची किंमत यांतला फरक, अधिक मधला देखभालीचा खर्च.

हा फरक किती असतो?

8 लाख एक्स-शोरूम किमतीची नवी पेट्रोल गाडी धरा. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीवर 11 टक्के वाहन कर लागतो, म्हणजे 88 हजार. विकताना तो वेगळा परत मिळत नाही. विम्याच्या घसारा तक्त्यानुसार एक ते दोन वर्षांच्या गाडीची किंमत 20 टक्क्यांनी कमी धरतात, म्हणजे 1 लाख 60 हजार. बाजारभाव या तक्त्याबरहुकूम चालत नाही, पण अंदाजाला तो पुरतो. दीड वर्षात एकूण 2 लाख 48 हजार गेले. महिन्याला साधारण 14 हजार.

आता पाच वर्षं जुनी छोटी पेट्रोल गाडी 3 लाख 50 हजारांना घेतली आणि दीड वर्षाने 2 लाख 90 हजारांना विकली असं समजा. टायर, बॅटरी, सर्व्हिसिंगला 50 हजार धरले तरी खर्च 1 लाख 10 हजार. महिन्याला 6 हजारांच्या आसपास. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण अंतर का पडतं ते यातून कळतं: मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते.

सप्टेंबर 2025 ने काय दाखवलं?

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. चार मीटरपर्यंत लांबी आणि 1200 सीसीपर्यंतचं इंजिन असलेल्या पेट्रोल गाड्यांवरचा 1 टक्का सेसही गेला. करापूर्वी 5 लाखांची असलेली गाडी 6 लाख 45 हजारांवरून 5 लाख 90 हजारांवर आली. घेणाऱ्यांसाठी आनंदाची बातमी. पण ज्याने महिनाभर आधी तीच गाडी घेतली होती, त्याचे 55 हजार न चालवताच गेले, कारण जुन्या गाडीचा भाव नव्याच्या भावाला बांधलेला असतो. गाडीत जेवढी रक्कम कमी अडकलेली, तेवढा अशा निर्णयांचा फटका कमी.

मग कोणती घ्यायची?

विकायला सोपी असलेली. अजून उत्पादनात असलेलं, तालुक्याच्या गावातही सुटे भाग मिळणारं मॉडेल, जसं वॅगन-आर किंवा स्विफ्ट. अशी गाडी घेताना ‘डील’ मिळाल्याचा आनंद होत नाही, पण विकताना आठवडाभरात फोन येतात. शेवरोलेने 2017 मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. त्यांच्या काही गाड्या चालवायला उत्तम आहेत आणि स्वस्तात मिळतात. झिजेपर्यंत ठेवायची असेल तर जरूर घ्या. दीड वर्षाने विकायची असेल तर गिऱ्हाईक शोधत बसावं लागेल.

जुन्या ईव्हीबाबत सावधपणा बरा: बॅटरीची वॉरंटी किती उरलीय आणि ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे लेखी बघा. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी.

दिल्ली पासिंगची डिझेल गाडी निम्म्या भावात मिळते म्हणून मोह होतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून ती स्वस्त आहे. पण इथे आणताना तिकडची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नव्या नोंदणीचा व्याप मागे लागतो. दीड वर्षासाठी हे सगळं कोण करणार?

आणखी एक, पटकन सुचत नाही असा मुद्दा. मालक कितवा? तुम्ही पहिल्या मालकाकडून घेतलीत तर पुढचा गिऱ्हाईक तिसरा मालक होतो. दुसऱ्याकडून घेतलीत तर तो चौथा, आणि तिथे भाव चांगलाच पडतो. नोंदणीची 15 वर्षं संपत आलेली गाडीही नकोच. फेरनोंदणी आणि पर्यावरण कर पुढच्याला दिसतात आणि तो ते तुमच्या किमतीतून वजा करतो.

डीलरकडून की थेट मालकाकडून?

थेट मालकाकडून घेतल्यास जीएसटी नाही. नोंदणीकृत डीलर त्याच्या नफ्यावर 18 टक्के भरतो आणि तो अर्थातच तुमच्या किमतीत येतो. दोन व्यवहार करायचे असल्याने हा नफा दोनदा जातो.

विकताना ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर देऊ नका. तो मालकाचा असतो. विमा कंपनीकडून पत्र घेतलं तर पुढच्या गाडीला वापरता येतो.

सगळ्यात मोठा धोका मात्र पैशांचा नाही. सुप्रीम कोर्टाने 2018 च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलं की गाडी पुढे कितीही हातांतून गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. तुम्ही नव्या गाडीत बसलेले असताना विकलेल्या गाडीच्या अपघाताची नोटीस तुमच्या दारात येऊ शकते. म्हणून एजंट कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या मागून ‘बाकी मी बघतो’ म्हणाला, तर घेणाऱ्याचं नाव त्याच्यासमोर भरा आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ घातलेली पावती घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर 14 दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. आरटीओची अधिकृतता असलेल्या डीलरला दिलीत, तर एप्रिल 2023 पासूनच्या नियमांनुसार ताबा दिल्याची सूचना ऑनलाइन नोंदवता येते. त्यासाठी त्याच्याकडे अधिकृततेचं प्रमाणपत्र आहे का, हे किल्ली देण्याआधी विचारा.