दुर्मीळ म्हणून दुर्लक्ष नको

स्तनातल्या कृमिजन्य गाठींविषयी लिहू नये, असे म्हणणारी माणसे अनुभवी असतात. त्यांचा आक्षेप असा : आपल्याकडे बाया कर्करोगाची गाठसुद्धा उशिरा दाखवतात. त्यात या विरळ आजाराची चर्चा केली, तर ‘माझीही जंताचीच असेल’ म्हणत त्या आणखी थांबतील. या आक्षेपामागची कळकळ मला मान्य आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही.

कारण या गाठी ओळखायला वेगळी वाट धरावीच लागत नाही. स्तनातली कुठलीही गाठ आधी हाताने तपासायची, मग सोनोग्राफी वा मॅमोग्राफी करायची आणि गरजेप्रमाणे सुईने पेशी किंवा तुकडा काढून पाहायचा. कर्करोग सापडतो तो याच तपासण्यांत आणि कृमीची गाठही याच तपासण्यांत सापडते. थांबायला सांगणारे यात काहीच नाही. फक्त तपासणाऱ्याच्या मनात ही शक्यता हवी.

‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कुठून होणार?’ हा समज तर मुळातच चुकीचा आहे. या कृमिजन्य गाठींतली एक, हायडॅटिडची गाठ, मटण खाऊन होत नाही. एकायनोकॉकस हा इवलासा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, मातीत, कुत्र्याच्या अंगावर येतात आणि मेंढ्या-गुरांच्या पोटात जाऊन त्यांच्या यकृतात, फुप्फुसांत पाण्याच्या गाठी करतात. कापलेल्या जनावराचे ते अवयव कुत्र्यापुढे टाकले की फेरा पुरा होतो. तीच अंडी पोटात गेली की माणूस त्यात चुकून सापडतो. टीनिया सोलियम या दुसऱ्या पट्टकृमीचेही तसेच. डुकराचे अर्धेकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो कृमी वाढतो, पण त्याच्या अळ्यांच्या, म्हणजे सिस्टिसर्कोसिसच्या गाठी होतात त्या अशा माणसाच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्याने, मग ती न धुतलेल्या कोथिंबिरीतून जावोत की हातांतून. म्हणून ‘मांसाहार करता का?’ एवढे विचारून भागत नाही. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगर कुटुंबातल्या बाईच्या केस पेपरवर घरचे कुत्रे, मेंढरे आणि पूर्वी यकृताची गाठ काढली होती का, हे आलेच पाहिजे.

आता सुईचा वाद. ‘गाठ लागली की लगेच सुई घाला’ म्हणणारे घाई करतात. हायडॅटिडच्या गाठीतले पाणी आजूबाजूला सांडले तर जिवावर बेतणारी ॲलर्जी उसळू शकते आणि सांडलेल्या कणांतून नव्या गाठी होऊ शकतात. पण ‘सुई नकोच’ हेही टोकाचे. स्तनातल्या कित्येक हायडॅटिड गाठी सुईने काढलेल्या पाण्यातले कृमीचे सूक्ष्म आकडे सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्यामुळेच कळल्या आहेत. खरा प्रश्न क्रमाचा आहे : सोनोग्राफी आधी, सुई नंतर, तीही तयारीनिशी. दुहेरी भिंत, आत पिल्लागाठी, सुटून तरंगणारा पापुद्रा दिसला तर हायडॅटिडचा संशय घ्यायचा. छोट्या पाणथळ गाठीत कडेला एक ठळक ठिपका आणि भोवती सूज असेल तर सिस्टिसर्कोसिसचा. चित्र नेहमी इतके स्पष्ट नसते. कोवळी हायडॅटिड साध्या पाण्याच्या गाठीसारखी दिसते, तर जुनी, घट्ट झालेली फायब्रोॲडिनोमा या साध्या गाठीसारखी किंवा कर्करोगासारखी. तिथे अंदाजावर विसंबणे गुन्हा आहे. आणि रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून हायडॅटिड नाही, असेही होत नाही.

दोन्ही आजारांत अल्बेंडाझोल चालते, म्हणून ‘जंताची गोळी घ्या, जाईल’ हा सल्ला सर्रास मिळतो. शाळेत जंतनाशक दिनी मुलांना मिळते ती याच औषधाची एक गोळी, पण तिने हायडॅटिड हलत नाही. तिथे गाठ न फोडता सबंध काढायची असते, औषध आठवडे-महिने, यकृत व रक्तपेशींवर लक्ष ठेवून द्यायचे असते आणि यकृत-फुप्फुसांत दुसरी गाठ आहे का, तेही शोधायचे असते. स्तनातल्या सिस्टिसर्कोसिसमध्ये उलट, निदान पक्के असेल तर बरेचदा औषधानेच गाठ विरते आणि शस्त्रक्रिया टळते. मात्र औषध सुरू करण्यापूर्वी डोकेदुखी, फिट यांची चौकशी आणि डोळ्यांची तपासणी हवीच. डोळ्यात वा मेंदूत अशीच गाठ असली तर अळी मरताना येणारी सूज दृष्टी घालवू शकते, झटके आणू शकते.

स्तनातल्या गाठी हायडॅटिडच्या एकूण रुग्णांत ०.२७ टक्के असतात, असे वैद्यकीय लेखनात सांगितले जाते. या आकड्याचा उपयोग विचार न करण्याची सबब म्हणून होतो, तो थांबला पाहिजे. डॉक्टरांनो, काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा, ‘साधीच दिसते’ म्हणून टाकून देऊ नका. आणि बायांनो, गाठ दुखत नसली तरी हाताला लागताच दाखवायला जा. घरात कुत्रा, दारात मेंढरे असतील, तर कुणी विचारले नाही तरी ते डॉक्टरांना सांगा.