केळव्याचा किनारा कोणाच्या नावावर?

शनिवारी सकाळी विरारहून डहाणूकडे जाणारी लोकल केळवे रोड स्थानकात थांबते, तेव्हा फलाटावर दोन वेगवेगळ्या प्रवाहांची गाठ पडते. पाठीवर पिशव्या लटकवलेली, बॅट-बॉल घेतलेली, मोबाइलवर गाणी लावलेली मुंबईकर तरुण मंडळी गाडीतून उतरून रिक्षांकडे धावतात. त्याच सुमारास समोरच्या फलाटावर मासळीच्या टोपल्या सांभाळत काही स्त्रिया मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत असतात. एकीला शहरातून दोन दिवस सुटका हवी असते, तर दुसरीचे पोट त्याच शहरावर अवलंबून असते. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर गेल्या काही दशकांत जे स्थित्यंतर घडले, ते समजून घ्यायचे तर सुरुवात या फलाटावरूनच करावी लागेल.

पर्यटक ज्याला ‘केळवा बीच’ म्हणतात, ते गावकऱ्यांच्या तोंडी आजही ‘केळवे’च आहे. नावातला हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण गाव कोणाच्या नजरेतून पाहिले जाते हे त्यातून कळते. ‘शांत कोळीवाड्याचे गजबजलेल्या पर्यटनस्थळात रूपांतर’ हे वर्णन जाहिरातींतून आणि सहलीच्या पुस्तिकांतून आपण इतक्या वेळा वाचलेले असते, की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. केळव्याच्या बाबतीत हे वर्णन अर्धेच खरे आहे. हे गाव केवळ मच्छीमारांचे कधीच नव्हते.

केळवे-माहीम हा उत्तर कोकणातील अतिशय जुना टापू. ‘महिकावतीच्या बखरी’तील महिकावती म्हणजे हेच माहीम. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ही बखर संपादित करून १९२४ साली प्रसिद्ध केली. पुढे पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर लहानमोठ्या कोटांची साखळी उभारली. केळव्याच्या समुद्रातील पाणकोट आणि सुरूच्या बागेतील भुईकोट ही तिचीच उरलेली निशाणी. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ साली, हा टापू मराठ्यांच्या ताब्यात आला. पाणकोटाजवळ ओहोटीच्या वेळी छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, हा प्रश्न वेगळा.

सांगायचा मुद्दा असा, की या गावाची अर्थव्यवस्था दोन पायांवर उभी होती. एक पाय वाडीत, दुसरा समुद्रात. वाडवळ, भंडारी आदी समाजांच्या वाड्यांत नारळ, केळी, सुपारी आणि त्यांच्या आधाराने पानवेली. केळवे-माहीमच्या खाऊच्या पानांचे नाव मुंबईच्या बाजारात होते आणि उत्तर हिंदुस्थानापर्यंत पोहोचले होते. समुद्राच्या बाजूला मांगेला समाजाची वस्ती, होड्या, जाळी आणि मासळी सुकवण्याची वाळू. गावाच्या पूर्वेकडील पाड्यांतून आदिवासी मजूर वाड्यांत कामाला येत. ही तिसरी बाजू पर्यटनाच्या चर्चेतून तर पार गळूनच गेलेली आहे.

मग बदल कसा घडला? तो एका रात्रीत झाला नाही आणि कोणा मोठ्या भांडवलदारानेही केला नाही. प्रारंभी येत ते शीतलादेवीच्या दर्शनाला येणारे भाविक आणि शाळा-कॉलेजांच्या सहली. त्यांच्या जेवणाची सोय एखाद्या घराच्या ओटीवर होई. जेवणाबरोबर दुपारची विश्रांती, मग रात्रीचा मुक्काम, मग मुक्कामासाठी वाडीत बांधलेल्या दोन खोल्या, अशा पायऱ्या चढत घरगुती खानावळीचे ‘रिसॉर्ट’ झाले. त्या काळी विरारच्या पुढे उपनगरी लोकल जात नव्हती. शटल आणि पॅसेंजर गाड्यांच्या तुटपुंज्या वेळापत्रकावर सारे अवलंबून होते. १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि केळवे मुंबईच्या उपनगरी नकाशावर आले. त्यापाठोपाठ १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. दुसरीकडे मुंबई-अहमदाबाद महामार्गाने मोटारी आणि दुचाकी आणल्या. अलिबागसाठी घाट उतरावा लागतो किंवा बोट पकडावी लागते, गोव्यासाठी रजा काढावी लागते. केळव्याला मात्र पहाटे निघून रात्री घरी परतता येते. केळव्याचे भांडवल कोणते, असे विचारले तर समुद्राइतकेच हे वेळापत्रक असेच उत्तर द्यावे लागेल.

या बदलाचा लाभ कोणाला झाला, याचे उत्तर सातबारा उताऱ्यात सापडते. वाडीमालकाकडे जमीन होती आणि ती त्याच्या नावावर होती. पानवेलीला रोज माणूस लागतो, मजुरी वाढत गेली, विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागले आणि पुढची पिढी शिकून नोकरीला लागली. अशा वेळी वाडीतील नारळीच्या सावलीत चार खोल्या बांधणे हा शहाणपणाचाच निर्णय होता. त्याला दोष देण्याचे कारण नाही. उलट, बाहेरच्या कंपन्यांनी किनारे विकत घेतल्याची उदाहरणे समोर असताना केळव्यात बराच काळ धंद्याची मालकी गावकऱ्यांच्या हाती राहिली, ही जमेची बाजूच म्हणावी लागेल. हिवाळ्यात वाडीत लागणारी उकडहंडी खायला शहरातून माणसे येतात. त्यातून वाडवळी स्वयंपाकाला जो मान मिळाला, तोही याच मार्गाने.

मच्छीमाराची स्थिती नेमकी उलटी. त्याची खरी मालमत्ता म्हणजे किनारा. होडी ओढायची जागा, जाळी विणायची जागा, बांबू रोवून बोंबील वाळत घालण्याची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची ही जमीन सरकारी दप्तरात मात्र सरकारचीच. तिच्यावर कर्ज मिळत नाही, खोल्या बांधता येत नाहीत आणि ती भाड्यानेही देता येत नाही. कोळीवाड्यातील घरे एकमेकांना खेटून, अनेकांच्या घरांखालच्या जागेची नोंद धड नाही. त्यामुळे पर्यटनाची लाट आली तेव्हा वाडीमालक ‘मालक’ झाला आणि मच्छीमाराच्या वाट्याला आली नारळपाण्याची गाडी, भजी-आम्लेटचा स्टॉल किंवा दुसऱ्याच्या रिसॉर्टमधील नोकरी. दोघेही स्थानिकच. परंतु ‘स्थानिकांना रोजगार मिळाला’ या एका वाक्यात दोघांना कोंबले, की हा फरक दिसेनासा होतो.

समुद्रातील उत्पन्न भरभक्कम असते, तर ही विषमता कदाचित एवढी बोचलीही नसती. परंतु त्याच काळात समुद्रही आटत गेला. केळव्याच्या उत्तरेला थोड्या अंतरावर असलेले सातपाटी हे पापलेटचे माहेरघर. तेथील मच्छीमारांच्या सहकारी संस्था राज्यात आदर्श मानल्या गेल्या. तेथेही गेली अनेक वर्षे पापलेटच्या घटत्या आवकेची ओरड आहे. पूर्ण वाढ होण्याआधीच लहान मासे पकडले जाणे हे त्याचे एक कारण. राज्य सरकारने २०२३ मध्ये पापलेटला ‘राज्यमासा’ घोषित केले आणि त्याच वर्षी माशांचे किमान कायदेशीर आकारमानही ठरवून दिले. सन्मान योग्यच, पण तो उशिरा आला. आणखी वर, नवापूर-दांडी-उच्छेळीच्या बाजूला, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा प्रश्न. मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने सामाईक प्रक्रिया केंद्र व शंभराहून अधिक कारखान्यांना भरपाई भरण्याचा आदेश दिला. मासेमारी सोडून मुलगा पर्यटनाकडे वळला, तर तो स्वखुशीने वळला की ढकलला गेला, हे ठरवताना या पार्श्वभूमीचा विचार करावा लागतो.

येथे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांकडे वळावे लागेल. १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर निर्बंध घातले आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर ‘ना विकास क्षेत्र’ ठरवले. २०११ मध्ये त्यात मच्छीमारांच्या हक्कांची भाषा आली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे क्षेत्र ५० मीटरवर आणले आणि किनाऱ्यावर तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाट करून दिली. नियम सैल होत गेले ते प्रामुख्याने पर्यटनाच्या अंगाने. राहत्या घरात पर्यटक ठेवण्याची मुभा कागदावर मच्छीमारालाही आहे. पण ज्या घरात स्वतःच्या कुटुंबाला पाय पसरायला जागा नाही, तेथे पाहुणा कोठे ठेवायचा, याचे उत्तर अधिसूचनेत नाही.

२०२० साली राज्य मंत्रिमंडळाने ‘बीच शॅक’ धोरणाला मंजुरी दिली. कोकणातील आठ किनारे त्यासाठी निवडले गेले. पालघर जिल्ह्यातील केळवे आणि बोर्डी हे त्यांपैकी दोन. एका किनाऱ्यावर जास्तीत जास्त दहा कुटी, तीन वर्षांसाठी परवाना, सकाळी सात ते संध्याकाळी सात ही वेळ आणि ८० टक्के स्थानिकांना प्राधान्य, असे त्याचे ठळक स्वरूप. धोरण वाईट नाही. परंतु यातला ‘स्थानिक’ कोण? वाडीमालकही स्थानिक, मच्छीमारही स्थानिक आणि कालपरवा गावात घर घेतलेलाही कागदोपत्री स्थानिकच. अनामत रक्कम, परवाना शुल्क आणि सामग्रीचा खर्च आधी घालायचा म्हटल्यावर पुढे कोण सरसावणार, हे सांगायला ज्योतिषी नको. गोव्याचा अनुभव याबाबत बोलका आहे. कळंगुट हेही कधीकाळी मच्छीमारांचेच गाव होते. १९७० च्या दशकात तेथील रांपणकरांनी ट्रॉलरविरुद्ध मोठा लढा दिला. पुढे किनाऱ्यावर शॅक आले, परवाने गोमंतकीयांच्या नावाने निघाले, पण अनेक ठिकाणी ते प्रत्यक्षात परप्रांतीय व्यावसायिक चालवू लागले. अखेर पोटभाड्याने देण्याविरुद्ध तेथील सरकारला कडक दंडाची तरतूद करावी लागली.

शनिवार-रविवारची गर्दी गावावर कोणता भार टाकते, तेही पाहायला हवे. मार्च २०२२ मध्ये येथे नाशिकहून सहलीला आलेल्या मुलांसह चार जणांचा बुडून मृत्यू झाला. समुद्र शांत दिसतो म्हणून तो उथळ असतोच असे नाही. भरती-ओहोटीच्या वेळा आणि वाळूखालचे खड्डे ठाऊक असतात ते येथील मच्छीमारांनाच. जीवरक्षक, कचरा, स्वच्छतागृहे, वाहनतळ हा सारा पसारा सांभाळायचा ग्रामपंचायतीने आणि तोही गावाच्या लोकसंख्येनुसार मिळणाऱ्या निधीतून. पाण्याचेही तेच. माहीम-केळवे लघुपाटबंधारे योजनेच्या झांझरोळी धरणाला जानेवारी २०२२ मध्ये गळती लागली, तेव्हा धरणाखालच्या गावांची झोप उडाली आणि त्यावर विसंबलेल्या गावांपुढे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. रिसॉर्टच्या जलतरण तलावात उतरणाऱ्या पाहुण्याला हे पाणी कोठून येते, असा प्रश्न पडत नाही. त्याने पैसे मोजलेले असतात. त्यात भर म्हणून समुद्र दरवर्षी पावसाळ्यात थोडा आत सरकतो आणि ज्या सुरूच्या बागेसाठी लोक येथे येतात, तिचीच झाडे मुळांसकट आडवी होतात.

आता या किनाऱ्यासमोर पर्यटनापेक्षा कितीतरी मोठे स्थित्यंतर उभे आहे. डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात भराव घालून तयार करायची जमीन १,४४८ हेक्टर. मुरबे येथेही बंदराचा प्रस्ताव आहे. बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होणार आहे. या आकड्यांपुढे केळव्याच्या वाडीतील चार खोल्या म्हणजे खेळण्यातले घर. आजवर जमीन गावकऱ्यांच्या हाती राहिली ती तिला फारसे मोल नव्हते म्हणून. भाव चढल्यावर वाडीमालकालाही ती राखणे सोपे जाणार नाही. मच्छीमाराच्या हाती तर विकायलाही काही नाही. भरपाईच्या याद्या तयार होताना बोटीची नोंद आणि परवाना पाहिला जाईल. किनाऱ्यावर मासळी सुकवणारी, टोपली घेऊन लोकलने जाणारी स्त्री कोणत्या यादीत बसते?

यावर एक तोडगा नियमांतच लिहून ठेवलेला आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्यांच्या मोठ्या प्रमाणावरील नकाशांत मच्छीमारांच्या वस्त्या, त्यांच्या सामाईक वापराच्या जागा, धक्के, बर्फाचे कारखाने आणि मासळी सुकवण्याच्या जागा दाखवल्या पाहिजेत, असे २०११ च्या अधिसूचनेतच नमूद आहे. मच्छीमार संघटना हेच वारंवार मागत आल्या आहेत. कोळीवाड्यांचे सीमांकन करा आणि सुकवण्याच्या जागांची महसुली दप्तरात नोंद करा. या कामाला ना मोठा निधी लागतो, ना नवा कायदा. लागतो तो मोजणी अधिकारी, तलाठी आणि गावातल्या जाणत्या माणसांनी किनाऱ्यावर एकत्र घालवलेला वेळ. तो घालवायचा तर पावसाळी मासेमारी बंदीचे, जून-जुलैचे दिवस सोयीचे. होड्या तेव्हा वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, पर्यटकांची गर्दीही ओसरलेली असते आणि कोणाची होडी कोठे लागते, कोणाचे बांबू कोठे रोवले जातात, हे किनाऱ्यावर उभे राहून बोटाने दाखवता येते.