गजकर्णावरची ती ट्यूब पुन्हा घेऊ नका : दिलसुखनगरच्या मराठी मंडळींना तातडीचं आवाहन

हैदराबादच्या दिलसुखनगर, चैतन्यपुरी, कोत्तापेट, गड्डीअन्नारम भागात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनो, नांदेड-लातूर-परभणीकडच्या त्यांच्या पालकांनो आणि हॉस्टेल चालवणाऱ्या ताई-दादांनो,

जांघेत, कमरेला किंवा काखेत गोल लाल चट्टा उठलाय, खाजेनं रात्रीची झोप उडालीय, मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबनं दोन दिवस बरं वाटतं आणि आठवड्याभरात चट्टा दुप्पट होऊन परत येतो, असं ज्याचं चाललं असेल त्यानं हे शेवटपर्यंत वाचावं. ती ट्यूब पुन्हा विकत घेऊ नका. याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. परीक्षा संपल्यावर बघू, दिवाळीला गावी गेल्यावर दाखवू, असं करत बसू नका.

गजकर्ण आपल्याला नवं नाही. दुकानात नायटा म्हणा, दाद म्हणा नाहीतर तेलुगूत तामर म्हणा, काउंटरवरून ट्यूब पुढे येतेच. बदललीय ती बुरशी. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतून ती वेगळी काढली आणि तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव दिलं. नावात आपला देश आला, पण यात मिरवण्यासारखं काही नाही. त्याच्या दोन वर्षं आधीच दिल्लीतल्या संशोधकांना गजकर्णाच्या जवळपास एक तृतीयांश नमुन्यांवर टर्बिनाफिन हे हमखास मानलं जाणारं औषध चालेनासं झाल्याचं आढळलं होतं. हे औषध ज्या एन्झाइमवर घाव घालतं त्याचंच रूप बुरशीनं बदलून टाकलं होतं. २०२३ मध्ये हीच बुरशी न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांमध्ये सापडली आणि त्यातल्या एका बाईनं परदेश प्रवास केलेलाच नव्हता.

आता त्या ट्यूबमुळे शरीरात काय होतं ते समजून घ्या, म्हणजे मी एवढ्या घाईनं का लिहितोय ते कळेल.

गजकर्णाची बुरशी त्वचेच्या वरच्या, मेलेल्या थरातलं केराटिन खाऊन पसरते. शरीर तिला ओळखतं. तिच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन नावाची साखर असते. त्वचेतल्या पहारेकरी पेशींना तिची चाहूल लागली की आत निरोप जातो, टी-पेशी इंटरल्युकिन-१७ सोडतात आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. चट्टा मध्ये निवळतो आणि कडेला लाल, खवल्यांचा राहतो तो यामुळेच, कारण लढाई कडेवर चालू असते. लाली आणि खाज त्रासदायक खरी, पण शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे.

हा निरोप पोहोचलाच नाही तर? २०१३ मध्ये अल्जेरिया, ट्युनिशिया आणि मोरोक्कोतल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या माणसांत निरोप पुढे नेणारं कार्ड-९ हे प्रथिन जन्मापासूनच निकामी होतं. चारचौघांच्या त्वचेवर राहणारं गजकर्ण त्यांच्यात खोल ऊतींत आणि लसिकाग्रंथींत शिरलं. काहीजण त्यातच गेले.

आपल्या हॉस्टेलमधल्या मुलांना असला जन्मदोष सहसा नसतो. पण स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब तेवढ्या जागेपुरता हाच निरोप दाबते. लाली जाते, खाज थांबते, आपल्याला वाटतं औषध लागू पडलं. बुरशी मात्र निवांत पसरत राहते. त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही असतं, अर्धवट दिवस लावलेलं, म्हणजे बुरशीला त्याची सवय करून द्यायला पुरेसं. वर महिनोन्‌महिने लावल्यानं जांघेतली कातडी पातळ होते आणि पांढरट-जांभळे ओरखडे उठतात ते कायमचे.

स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबली की बुरशी कशी माजते, हे हैदराबादकरांना तरी वेगळं सांगायला नको. २०२१ च्या मे-जूनमध्ये, कोरोनाच्या लाटेत, कोटीच्या सरकारी ईएनटी हॉस्पिटलात काळ्या बुरशीच्या रुग्णांसाठी खाटा पुरत नव्हत्या. देशात ४० हजारांवर रुग्ण झाले, सर्वांत जास्त महाराष्ट्रात. ती बुरशी वेगळी होती, कितीतरी जीवघेणी. पण आटोक्याबाहेरचा मधुमेह आणि बेसुमार स्टेरॉइड मिळून प्रतिकारशक्तीची काय दशा होते ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. काही वर्षांत विसरलोसुद्धा.

घरात ट्यूब असेल तर आत्ता हातात घ्या आणि बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन यातलं एखादं नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, इट्राकोनाझोल ही बुरशीची औषधं. म्हणजे नावात ‘झोल’ असलेल्या औषधांना घाबरायला नको, खरा झोल ‘सोन’ आणि ‘सॉल’मध्ये आहे. असली मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ पासून आहे. तो किती पाळला जातो हे मुख्य रस्त्यावरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये गर्दीच्या वेळी तुम्हीच बघा.

एक मात्र ध्यानात ठेवा. दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा अवयव प्रत्यारोपण यासाठी डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइड परस्पर बंद करायची नाहीत. ती बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

खर्चाची अडचण असेल तर दिलसुखनगरहून मियापूरकडे जाणाऱ्या मेट्रोनं एमजीबीएसला उतरा. तिथून अफझलगंजचं उस्मानिया जनरल हॉस्पिटल फार लांब नाही आणि तिथे त्वचारोगाचा विभाग आहे. जाताना ट्यूब सोबत न्या, लाजू नका. डॉक्टर चट्ट्याच्या कडेचा पापुद्रा खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का ते पाहतात. दुखत नाही. नमुना बुरशी वाढवून पाहण्यासाठी किंवा संशोधनासाठी ठेवू का असं विचारलं, तर नीट समजून घेऊन शक्यतो होकार द्या. कुठलं औषध कुठे चालेनासं झालंय हे असल्या नमुन्यांवरूनच कळतं. बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जवळची असल्यानं तिला मारणारी आणि आपल्याला न बाधणारी औषधं मोजकीच आहेत. माणसासाठी मान्य झालेली बुरशीवरची लस तर अजून एकही नाही.

डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध घ्या. चट्टा दिसेनासा झाला म्हणून सोडू नका. एका खोलीत चौघं असतील आणि दोघांना खाज असेल तर दोघांनीही एकदमच उपचार घ्या, नाहीतर एकाचं बरं होईपर्यंत दुसऱ्याचं त्याला परत लागतं.

हॉस्टेलवाल्यांना हात जोडून एकच सांगणं आहे. पावसाळ्यात मुलं ओले टॉवेल आणि जीन्स खोलीतच पलंगाच्या कठड्यावर वाळत घालतात, कारण गच्चीला कुलूप असतं. ते कुलूप दिवसा उघडं ठेवा. आजारी मुलाचे कपडे इतरांच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका, गरम पाण्यातून वेगळे काढा.

ट्यूबमुळे कातडी खराब झाली असेल तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. तिथे रुग्णालाही तक्रार नोंदवता येते. फोन करताना ट्यूबवरचं नाव आणि बॅच नंबर समोर ठेवा.